टायर बदलला की स्टेअरिंग का बदलते?



उन्हाळी सुट्टी संपत आली, की आपल्याकडे अनेक घरांत छत्र्या, रेनकोट आणि दप्तरांबरोबर आणखी एका खरेदीचा विषय निघतो. पावसाच्या आत गाडीचे टायर बदलायचे असतात. दुकानात गेल्यावर प्रश्न सुरू होतात. आहे तोच माप घ्यायचा, की थोडा रुंद? लोखंडी रिम ठेवायची, की चकचकीत अलॉय व्हील? घरातल्या तरुण मंडळींचे मत एक असते, खर्च करणाऱ्याचे दुसरे. चर्चा बहुधा दिसणे आणि किंमत या दोनच गोष्टींवर होते. नवे टायर बसवून गाडी घरी आल्यावर चालवणारा म्हणतो, "गाडी काहीतरी वेगळीच वाटते." स्टेअरिंग जड झाले, किंवा हलके झाले, किंवा सारखे इकडेतिकडे ओढते.

हे "वेगळे वाटणे" म्हणजे नेमके काय, ते या लेखात आम्ही सोप्या भाषेत सांगणार आहोत. हा केवळ शौकीन लोकांचा विषय नाही. गणपतीला भर पावसात बेळगाव-कोल्हापूरकडे जाणारी, सुट्टीत अनमोड किंवा अरबैलचा घाट उतरणारी आपली कुटुंबे याच चार टायरांवर बसून जातात. शाळेची मुले ज्या व्हॅनमधून येतात, तिचाही भार त्यांच्यावरच असतो.

बैलगाडीच्या चाकापासून

जुन्या बैलगाडीचे चाक आठवून पाहा. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, कडेने लाकडी पुठ्ठे आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार ही धाव तापवून लाल करी, चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. थंड होताना धाव आकसे आणि सगळे चाक घट्ट आवळले जाई. असे चाक मजबूत, पण कठीण. दगडाचा धक्का जसाच्या तसा गाडीत येई.

चाकाला हवेची उशी लावण्याची कल्पना १८४५ साली स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी मांडून तिचे पेटंट घेतले, पण ती त्या वेळी रुजली नाही. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि मग मात्र सायकलीमागोमाग मोटारीही हवेवर धावू लागल्या. योगायोग असा, की त्याच १८८८ साली आपल्या शेजारच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या सायकल दुकानाने किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात झाली. पुढचा नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी या सर्वांचा आरंभ दोन चाकांपासून झाला.

हवेच्या टायरने धक्का कमी केला. पण त्याने आणखीही एक गोष्ट केली, जी लोखंडी धावेला जमत नव्हती. रबर वाकते, पिळते आणि पुन्हा सरळ होते. या वाकण्या-सरळ होण्यातून रस्त्याची खबर चालकाच्या हातापर्यंत पोहोचते. स्टेअरिंगचा "हात" म्हणतात तो यातूनच तयार होतो.

हाताला काय कळते?

वळण घेऊन झाल्यावर स्टेअरिंग सैल सोडले, तर ते आपोआप सरळ होऊ लागते. असे का होते? त्याला मुख्यतः दोन कारणे आहेत.

पहिले कारण गाडीच्या बांधणीत आहे. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची फिरती चाके पाहा. ज्या खिळ्याभोवती चाक फिरते, त्याच्या थोडे मागे चाक जमिनीला टेकते. म्हणून ढकलले की चाक आपोआप चालीच्या दिशेने मागे ओढले जाते. मोटारीच्या पुढच्या चाकांचा आसही असाच किंचित मागे कललेला असतो. याला कॅस्टर म्हणतात.

दुसरे कारण टायरमध्येच आहे. गाडी वळते तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग बाजूला पिळला जातो. हा पीळ टेकलेल्या भागाच्या पुढच्या टोकाला कमी आणि मागच्या टोकाला जास्त असतो. त्यामुळे रस्त्याचा जोर चाकाच्या बरोबर मध्यावर न लागता थोडा मागे लागतो आणि चाकाला सरळ करू पाहतो. चालकाच्या हाताला जो हवाहवासा ताण जाणवतो, त्यात या ताकदीचा मोठा वाटा असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वळणात टायरवरचा भार वाढत गेला, की टेकलेल्या भागाची मागची बाजू आधी घसरू लागते. मग जोर लागण्याची जागा पुढे सरकते आणि हाताचा ताण कमी होतो. म्हणजे पुढची पकड पूर्ण सुटण्याच्या थोडे आधीच स्टेअरिंग हलके पडू लागते. हा टायरने दिलेला इशारा आहे. ओल्या रस्त्यावर वळण घेताना स्टेअरिंग एकाएकी हलके लागले, तर जाणता चालक वेग आवरतो. त्याला हे कोणी शिकवलेले नसते, हाताने शिकवलेले असते.

म्हणून टायर किंवा रिम बदलणे म्हणजे हा इशारा देणाऱ्याची भाषा बदलणे होय. नवी भाषा वाईटच असते असे नाही. पण ती बदलली आहे, हे चालवणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

हाताच्या पंजाएवढी जागा

एक हिशेब करू. गाडी माणसांसह १००० किलो धरा. चार चाकांवर सारखे वजन मानले, तर एका टायरवर २५० किलो. टायरात हवा ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब. २५० ला सव्वादोनने भागले की उत्तर येते सुमारे १११ चौरस सेंटिमीटर. म्हणजे साधारण १० गुणिले ११ सेंटिमीटरची जागा, आपल्या हाताच्या पंजाएवढी. टायरचा कडकपणा यात धरलेला नाही, त्यामुळे हा अंदाज आहे, पण फार चुकीचा नाही. सबंध गाडी अशा चार पंजांवर उभी असते आणि वळणे, थांबणे, धावणे सारे त्यातूनच होते.

या हिशेबात टायरची रुंदी कुठेच आली नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले का? वजन तेच आणि हवाही तेवढीच, तर टेकणारी जागा जवळजवळ तेवढीच राहते. रुंद टायर घातला की बदलतो तो तिचा आकार. लांबट जागा आखूड आणि आडवी होते.

या बदललेल्या आकाराचे परिणाम असे होतात :

१. कोरड्या रस्त्यावर स्टेअरिंगला उत्तर चटकन मिळते. थोडे फिरवले की गाडी लगेच वळू लागते.

२. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायला जोर लागतो, कारण रुंद पट्टा जागच्या जागी पिळावा लागतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर हे फारसे जाणवत नाही. जुन्या, साध्या स्टेअरिंगच्या गाडीत बाजारातल्या गर्दीत गाडी लावताना दंड भरून येतात.

३. रस्त्याच्या उताराकडे आणि चाकोरीकडे गाडी ओढली जाते. जड मालट्रक जात असलेल्या रस्त्यांवर डांबर दबून दोन पन्हळी तयार होतात. बैलगाडीची चाकोरी तीच ही. अरुंद टायर तिच्या आतून सहज जातो, रुंद टायरची एक कड चढावर आणि दुसरी उतारावर येते. मग स्टेअरिंग हातात सारखे चुळबुळ करते.

४. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. टायरच्या खाचांनी पाणी बाजूला सारायचे असते. पट्टा जितका रुंद, तितके जास्त पाणी आणि ते सारायला वेळ मात्र कमी. पाण्याचा थर मधे राहिला, की स्टेअरिंग लोण्यासारखे मऊ होते आणि गाडी ऐकत नाही. अशा वेळी करकचून ब्रेक दाबू नये, स्टेअरिंगला हिसका देऊ नये. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून स्टेअरिंग सरळ धरून ठेवावे, म्हणजे वेग उतरून टायर पुन्हा रस्त्याला टेकतो.

टायरची उंची म्हणजे कमरेचा लवचीकपणा

टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे वाचता येणे ही मोठी सोय आहे. उदाहरणार्थ "१८५/६५ आर १५ ८८ एच" असे लिहिले असेल, तर १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या ६५ टक्के. "आर" म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ ही भाराची खूण असून तिचा अर्थ एका टायरला ५६० किलोपर्यंत. "एच" म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. (रस्त्यावर तेवढा वेग काढावा, असा त्याचा अर्थ नाही!)

आपल्या गल्लीत सहज दिसणारी मारुती स्विफ्ट घेऊ. २०१८ साली आलेल्या स्विफ्टच्या साध्या प्रकाराला कारखान्यातूनच १६५/८० आर १४ टायर येत आणि महागड्या प्रकाराला १८५/६५ आर १५. गाडी एकच, टायर दोन. हौशी मंडळी याच जागी १९५/५५ आर १६ बसवतात. तिघांचा हिशेब मांडून पाहू :

१६५/८० आर १४ : भिंतीची उंची १३२ मिमी, एकूण व्यास सुमारे ६२० मिमी.
१८५/६५ आर १५ : भिंतीची उंची १२० मिमी, एकूण व्यास सुमारे ६२२ मिमी.
१९५/५५ आर १६ : भिंतीची उंची १०७ मिमी, एकूण व्यास सुमारे ६२१ मिमी.

(कृती : रिमचा इंचांतला आकडा गुणिले २५.४, अधिक भिंतीच्या उंचीची दुप्पट.)

बाहेरचा व्यास तिन्हींचा जवळजवळ सारखा आहे. रिम मोठी होत गेली तशी रबराची भिंत बुटकी होत गेली. उंच भिंत वाकते. म्हणून स्टेअरिंग फिरवल्यावर आधी भिंत वाकते आणि मग गाडी वळते, मधे क्षणभराचा उशीर जाणवतो. बुटकी भिंत कमी वाकते, म्हणून उत्तर झटपट मिळते. त्यालाच लोक "स्टेअरिंग टाइट झाले", "गाडी चिकटून चालते" असे म्हणतात.

पण हीच वाकणारी भिंत खड्ड्याचा मारही सोसत असते. हुबळीची काळी माती पावसात फुगते व उन्हात आकसून भेगाळते. अशा जमिनीवरच्या रस्त्यांना लाटा आणि खड्डे पडण्याची भीती अधिक. पहिल्या दोन-चार पावसांनंतर पाण्याखाली काय आहे, ते दिसतही नाही. १३२ मिमीच्या भिंतीने जो धक्का पचवला असता, तो १०७ मिमीची भिंत थेट रिमवर नेते. रिमची कड वाकते किंवा टायरच्या भिंतीला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर आतून तुटलेला असतो, तो चालवू नये.

व्यास मात्र कोणीही मनाने बदलू नये. याच गाडीला कोणी २०५/६५ आर १५ घातला, तर व्यास सुमारे ६४८ मिमी होतो, म्हणजे साडेचार टक्के जास्त. काटा ताशी ८० दाखवेल तेव्हा चाके सुमारे ८३.६ च्या वेगाने पळत असतील. शिवाय पूर्ण वळवल्यावर किंवा पाच माणसे बसून गतिरोधकावरून जाताना टायर मडगार्डच्या आत घासण्याची शक्यता वाढते.

रिमची जागा आणि तिचे वजन

रिम गाडीला जिथे नटांनी टेकते, ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, या अंतराला ऑफसेट म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या काही अलॉय व्हीलचा ऑफसेट मूळ रिमपेक्षा वेगळा असतो. चाके बाहेर आली की गाडी ऐटदार दिसते, म्हणून काही जण मधे जाड चकत्याही घालून घेतात.

याचा परिणाम समजायला दाराचे उदाहरण पुरे. बिजागरीजवळ दाराला धक्का दिला तर ते जेमतेम हलते. कडीजवळ तेवढाच धक्का दिला तर सहज फिरते. पुढचे चाकही एका कल्पित बिजागरीभोवती वळते. चाक बाहेर सरकले की रस्त्याचा धक्का बिजागरीपासून लांब लागतो. मग एका चाकाखाली खड्डा आला की स्टेअरिंगला हिसका बसतो. एका बाजूला कोरडे डांबर आणि दुसऱ्या बाजूला चिखल असताना ब्रेक दाबला, तर गाडी एका अंगाला ओढते. चाकाच्या बेअरिंगवरही जास्त भार येतो. म्हणून रिम बदलायचीच असेल, तर ऑफसेट मूळ आकड्याएवढाच ठेवावा.

दुसरी गोष्ट वजनाची. अलॉय म्हणजे हलके, असे सर्रास समजले जाते. ते नेहमीच खरे नसते. मोठ्या मापाचे ओतीव अलॉय व्हील मूळच्या लहान लोखंडी रिमपेक्षा जडही भरू शकते. चाकाचे वजन स्प्रिंगांच्या खाली असते. जड चाक खड्ड्यातून उसळले की ते लवकर खाली बसत नाही आणि तेवढा वेळ रस्त्याची पकड कमी राहते. दुकानात एकदा दोन्ही चाके काट्यावर ठेवून पाहायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट मधल्या भोकाची. नव्या रिमचे भोक गाडीच्या तुंब्यापेक्षा मोठे असेल, तर रिम अगदी मध्यावर बसेलच असे नाही. ताशी ८०-१०० च्या आसपास स्टेअरिंग थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग तपासावे आणि ते ठीक असेल तर ही गोष्ट पाहावी. मधली फट भरणाऱ्या कड्या बाजारात मिळतात.

आजोबांची फियाट आणि अँबॅसडर

आमच्या ज्येष्ठ वाचकांनी हा बदल स्वतःच्या हातांनी अनुभवला असेल. अँबॅसडरला ५.९०-१५ आणि फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनीला ५.२०-१४ मापाचे टायर असत. ते त्या काळच्या क्रॉस-प्लाय पद्धतीचे. त्यात दोऱ्यांचे थर खाटेच्या विणीसारखे तिरपे एकमेकांवरून जातात. मिशेलिन कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि वरून पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे भिंत लवचीक राहते, पण रस्त्यावरचा पट्टा सपाट आणि घट्ट टेकतो.

जुन्या गाडीला रेडियल घातले की उभ्या जागी स्टेअरिंग जड लागे, पण धावताना गाडी सरळ चाले आणि सारखे इकडेतिकडे सावरावे लागत नसे. मात्र त्या काळापासून एक नियम आहे. एका आसावर दोन जातींचे टायर कधीही घालू नयेत. पुढे एक तऱ्हा आणि मागे दुसरी असेल, तर गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे एकमेकींशी जमत नाही. जुनी गाडी हौसेने जपणाऱ्यांनी हे आजही ध्यानात ठेवावे.

सुट्या चाकाला आपण "स्टेपनी" म्हणतो, तो शब्दही एका रस्त्याच्या नावावरून आलेला आहे. वेल्समधील लनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी सुटे चाक बनवायला सुरुवात केली. त्या रस्त्याचे नाव आपल्या गॅरेजात येऊन बसले!

झिजलेला टायर गोड बोलतो

आता एक फसवी गोष्ट. नव्या टायरच्या खाचा खोल असतात, सुमारे ८ मिमी. रबराचे उंच ठोकळे थोडे डोलतात, म्हणून नवा टायर पहिले काहीशे किलोमीटर मऊ आणि सैल वाटतो. बनवताना साच्याला चिकटू नये म्हणून लावलेला थरही वरून जायचा असतो. तोवर सावकाश चालवावे. याउलट झिजलेल्या टायरचे ठोकळे बुटके झालेले असतात, ते डोलत नाहीत. कोरड्या रस्त्यावर असा टायर झटपट उत्तर देतो. त्यामुळे चालवणाऱ्याला वाटते, "टायर अजून छान आहे, नवे घातले की उलट गाडी बिघडते." पण पाणी काढून टाकायला त्याच्याकडे खाचाच उरलेल्या नसतात. पहिल्या मोठ्या पावसात त्याचे खरे रूप दिसते. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिमीपेक्षा कमी नसावी, असा आपल्याकडे नियम आहे. पावसाळ्यासाठी तेवढी वाट न पाहिलेली बरी.

दोनच टायर बदलण्याइतके पैसे असतील, तर नवे टायर पुढे घालावेत असे बहुतेकांना वाटते, कारण स्टेअरिंग पुढे असते. पण नवे टायर मागे घालणे योग्य. कारण हेच, जे आपण वर पाहिले. पुढचा टायर सुटताना स्टेअरिंगमधून हाताला सांगतो. मागच्या टायरकडे असे सांगण्याची सोय नाही. तो सुटला की गाडीची शेपूट फिरते, आणि तेव्हा सावरायला वेळ उरलेला नसतो. जो बोलू शकत नाही, त्याची काळजी आधी घ्यावी.

टायरचे वयही पाहावे. बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. फारशी न फिरणारी, दारात उन्हात उभी असणारी गाडी असेल, तर खाचा शाबूत असूनही रबर कडक होते आणि बारीक चिरा पडतात. "नवा" म्हणून विकत घेतानाही हे आकडे वाचूनच घ्यावेत.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

१. सायकलच्या पुढच्या चाकातली हवा थोडी कमी करून शाळेच्या मैदानावर (रस्त्यावर नव्हे) हळू चालवून पाहा. हँडल जड आणि आळशी लागेल. मग पुरेशी हवा भरून पाहा. टायर तोच, माप तेच. केवळ हवेने एवढा फरक पडतो. मोटारीतही तसेच. दोन बाजूंना हवा कमीजास्त असेल, तर गाडी एकीकडे ओढते.

२. एक खोडरबर उभे धरून टेबलावर दाबा आणि बाजूला ढकला. मग आडवे ठेवून तसेच करा. उभे जास्त वाकते, आडवे कमी. उंच आणि बुटक्या भिंतीचा फरक हाच.

३. सायकलच्या टायरला खडूची पूड लावून आलेख कागदावर टेकवा आणि एक मित्र वर बसवा. उमटलेले चौकोन मोजा. हवा कमी करून पुन्हा करा. क्षेत्रफळ किती वाढले, ते वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला दाखवा.

पालकांनी आणि चालकांनी ध्यानात ठेवावे

गाडीच्या दारालगत किंवा पुस्तिकेत दिलेली मापे आधी वाचावीत. त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कारखान्याने दिलेले माप हा सर्वांत सुरक्षित "बदल" होय. बाहेरचा व्यास, भाराचा आकडा आणि ऑफसेट या तीन गोष्टी सोडू नयेत. नोंदणी-पुस्तकातल्या मूळ बांधणीहून गाडी वेगळी करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मर्यादा आहे, हेही लक्षात असावे. टायर बदलल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, स्टेपनीसह तपासावी.

नवे टायर बसवल्यावर पहिल्याच दिवशी घाटाचा किंवा लांबचा प्रवास ठरवू नये. आधी चार दिवस हुबळी-धारवाड मधल्या ओळखीच्या रस्त्यावर चालवावे, म्हणजे हाताला नवी भाषा समजते. घरात गाडी चालवणारे दोघे-तिघे असतील, तर प्रत्येकाने हे करावे. ज्याने टायर बदलून आणले त्याला फरक माहीत असतो. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन निघणाऱ्या आईला किंवा मामाला तो सांगितलेला नसतो.

विश्वस्त मंडळींनाही आमची एक विनंती आहे. मुलांना आणणाऱ्या व्हॅन आणि रिक्षांची कागदपत्रे आपण वर्षारंभी पाहतो. त्याच वेळी खाचांची खोली आणि टायरवरचे ते चार आकडे पाहून वहीत नोंदवावेत. त्याला यंत्र लागत नाही, एक पट्टी आणि दहा मिनिटे लागतात. वरच्या वर्गातली मुले हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली आनंदाने करतील आणि त्यातून शिकतीलही.

वाहनचालकांनीही याकडे तपासणी म्हणून नव्हे, तर मदत म्हणून पाहावे. पाऊस सुरू होण्याआधी एखादा टायर बदलायला हवा असे दिसले, तर तो खर्च पालकांनी मिळून वाटून घेण्याचा विचार करायलाही हरकत नाही. मुले आपलीच आहेत.